फोटोत टीव्ही दिसतोय, मग हे लोक गरीब कसे?

काही वर्षांपूर्वी मी चेंबूरच्या एका संस्थेत पत्रांची भाषांतरं करायचे. ज्या मुलांच्या शिक्षणाचा खर्च परदेशातली माणसं उचलायची, ती मुलं आपल्या स्पॉन्सरला मराठीत नाहीतर हिंदीत पत्र लिहायची. ते मी इंग्रजीत करायचे, तिकडचं उत्तर आलं की मराठीत. वर्षातून एकदा पत्रासोबत मुलाचा फोटो आणि घरची माहिती जायची, म्हणून गृहभेटीही वाट्याला यायच्या. एक दिवस साहेबांनी एक ईमेल छापून माझ्या टेबलावर ठेवला. पाठवणारे गृहस्थ निवृत्त होते. यंदाच्या फोटोत मुलीच्या मागे टीव्ही आहे, खाली लादी आहे, आईच्या हातात मोबाइल आहे, असं त्यांनी बारकाईने टिपलं होतं. मी पेन्शनीतून पैसे पाठवतो, हे कुटुंब गरजू आहे असं मी कशावरून समजू, असा त्यांचा सवाल होता.

राग होता, पण प्रश्न रास्त होता. पार्ल्यात किंवा कोथरूडमध्ये बसून एखाद्या मुलीचं शैक्षणिक पालकत्व घेणाऱ्या आपल्यातल्या कितीतरी जणांच्या मनात हाच प्रश्न असतो, फक्त ते बोलून दाखवत नाहीत. साहेब म्हणाले, "दोन ओळींत उरकून टाक." मी लिहिलं की टीव्ही जुना आहे, आई जिथे कामाला जाते त्या घरून मिळालेला आहे. हे खरंच होतं. पण उत्तर तेवढ्याने होत नव्हतं, हे मलाही कळत होतं. ते राहिलेलं उत्तर आज लिहिते.

एक आधीच सांगते. पुढे ज्या घराबद्दल लिहिलंय ते एक घर नाही. गोवंडीच्या शिवाजीनगर-बैंगनवाडीतल्या चार-पाच घरांच्या नोंदी मी एकत्र केल्यात, कुणी ओळखू येऊ नये म्हणून. भाडं-मजुरीचे आकडे माझ्या तेव्हाच्या वहीतले आहेत, आज ते पुढे गेले असतील.

फोटोत मूल एकटंच का असतं?

ही स्पॉन्सरची पद्धत युद्धांतून आली. पहिल्या महायुद्धानंतर युरोपात उपाशी पडलेल्या मुलांसाठी १९१९ मध्ये लंडनला 'सेव्ह द चिल्ड्रन' निघाली. १९३७ मध्ये स्पेनच्या यादवीत घरदार गमावलेल्या मुलांसाठी एक संस्था उभी राहिली, तिला आज 'प्लॅन' म्हणतात. १९५२ मध्ये कोरियातल्या अनाथांसाठी 'कम्पॅशन' सुरू झाली. एक मूल, एक दाता, एक फोटो ही घडण त्या काळात पक्की झाली. फोटोत मूल एकटं असायचं, कारण त्यातल्या कितीतरी मुलांना खरोखरच कुणी उरलेलं नसायचं.

पुढे युद्धं मागे पडली आणि हीच पद्धत गरीब देशांतल्या गरिबीला लावली गेली. १९७२ मध्ये ब्रिटनमध्ये सुरू झालेल्या 'अ‍ॅक्शनएड'ची पहिली मुलं भारतातली आणि केनियातली होती. आता स्पॉन्सर केलेल्या बहुतेक मुलांना आई असते, बाप असतो, गावाकडे आजी असते, दोन-तीन भावंडं असतात. फोटो मात्र अजून तसाच निघतो, मूल मधोमध आणि घरदार चौकटीच्या बाहेर. मग चुकून मागे घर दिसलं की पाहणारा दचकतो.

पैशांचंही थोडं सांगायला हवं. परदेशी स्पॉन्सर महिन्याला साधारण ३५ ते ४५ डॉलर देतो. ते मुलाच्या आईच्या हातात पडत नाहीत. बहुतेक ठिकाणी सगळ्यांचे पैसे एकत्र होतात आणि त्यातून फी, वह्या, वस्तीतला अभ्यासवर्ग, डोळ्या-दातांची तपासणी, खाऊ, कार्यकर्त्यांचे पगार, ऑफिसचं भाडं असं सगळं चालतं. काही संस्था मुलावर नेमका खर्च करतात, काही संपूर्ण वस्तीवर. दोन्ही पद्धती ठीक आहेत. पण "आमची मुलगी" म्हणताना दात्याच्या डोळ्यांसमोर जो सरळ धागा असतो, तो तसा नसतो एवढं कळलेलं बरं.

भिंत: वीट. जमीन: लादी. वीज: आहे.

गृहभेटीच्या फॉर्मात रकाने असायचे. भिंती कशाच्या, माती, बांबू, पत्रा की वीट? जमीन माती, सिमेंट की लादी? पाणी किती अंतरावर? वीज? बनवणाऱ्याच्या डोळ्यांसमोर कुठलंतरी डोंगरातलं खेडं असावं. तिथे मातीची भिंत काहीतरी सांगते. गोवंडीत मात्र प्रत्येक रकान्यात चांगल्या बाजूलाच खूण पडायची. नुसता फॉर्म वाचला तर रायगड जिल्ह्यातल्या एखाद्या खाऊनपिऊन सुखी शेतकऱ्याचं घर वाटावं.

आता घर बघा. दहा बाय बाराची खोली, १२० चौरस फूट, माणसं पाच. वर पत्रा. पत्र्याखाली माळा, बाहेरून लोखंडी शिडीने चढायचा, तिथे मालकाने दुसरा भाडोत्री ठेवलेला. दाराशी हातभर मोरी. भांडी, कपडे, आंघोळ सगळं तिथेच, आंघोळीच्या वेळी साडीचा पडदा. खिडकी नाही. दार उघडलं की तीन फुटांवर समोरच्यांचं दार, त्यामुळे दिवसाही ट्यूबलाइट. रात्री वडील गुडघे पोटाशी घेऊन झोपायचे, कारण पाय लांब केले की मोरीत जायचे. गिरणगावातल्या बीडीडी चाळीची १६० चौरस फुटांची खोली आपल्याकडे अडचणीच्या संसाराचं उदाहरण म्हणून सांगतात. ही त्याहून चाळीस फूट लहान.

आणि ती लादी! पावसाळ्यात गटाराचं पाणी आत शिरलं की मातीच्या जमिनीचा चिखल होतो, सिमेंटला भेगा पडतात. लादी फिनेलने पुसली की संध्याकाळी तिच्यावर झोपता येतं. मालकाने ती बसवली आणि भाडं पाचशेने वाढवलं. दात्याला दिसलेली चैन ती हीच.

शेजारी देवनारचं डम्पिंग ग्राउंड. १९२७ पासून मुंबईचा कचरा तिथे पडतोय. जानेवारी २०१६ मध्ये त्याला लागलेली आग कित्येक दिवस धुमसत होती आणि आजूबाजूच्या पालिका शाळा बंद ठेवाव्या लागल्या होत्या. फॉर्मात हवेचा रकाना नव्हता.

फॉर्मात नसलेली सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे घर कुणाचं. भिंती पक्क्या असल्या तरी हक्क कच्चा असतो. मुंबईत झोपडीचा हक्क तारखेवर ठरतो. १ जानेवारी २००० च्या आधीची झोपडी असेल तर पुनर्वसनात घर फुकट, त्यानंतर २०११ च्या सुरुवातीपर्यंतची असेल तर पैसे भरून, त्यानंतरची असेल तर काहीच नाही. एसआरएचं, म्हणजे झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरणाच्या योजनेतलं, घर पूर्वी २२५ चौरस फुटांचं असायचं, मग २६९ झालं, आता ३०० आहे. पण हे सगळं झोपडीच्या मालकासाठी. जो त्याच झोपडीत दहा वर्षं भाडं भरतोय तो या हिशेबात कुठेच नाही. उद्या बिल्डर आला की मालकाला घर मिळेल आणि भाडोत्र्याला पंधरा दिवसांची मुदत.

स्पॉन्सरवाल्या मुलांची बहुतेक घरं अशी भाड्याची होती. या मुलीचे वडील जालन्याकडचे. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातून जी माणसं मुंबईला आली त्यांत त्यांचे चुलते होते. त्यांची झोपडी स्वतःची, कागदपत्रांची. पुतण्या पंचवीस-तीस वर्षांनी मागून आला, तेव्हा जागा उरल्या नव्हत्या, भाडी होती. एकाच गल्लीत, एकाच आडनावाची दोन घरं. फॉर्मावर दोन्हींची उत्तरं तंतोतंत सारखी यायची.

पाणी "घराजवळ"

मुंबईला सात तलावांतून दिवसाला ३,८०० दशलक्ष लिटरच्या वर पाणी मिळतं. सगळ्या शहरात सारखं वाटलं तर ओरड व्हायचं कारण नाही. पण महापालिकेचा मापदंडच वर्षानुवर्षं असा, की इमारतीत राहणाऱ्याला माणशी १३५ लिटर आणि झोपडपट्टीत ४५. त्यात ज्यांच्याकडे झोपडीच्या तारखेचा पुरावा नसायचा, त्यांना कायदेशीर जोडणीच मिळायची नाही. पाणी हक्क समितीच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये सांगितलं, की झोपडी बेकायदा असली तरी माणसाला पाणी नाकारता येणार नाही. २०२२ मध्ये पालिकेने सर्वांसाठी पाणी हे धोरण आणलं. तरी गल्लीतली लाइन यायला वेळ लागतो, आणि भाडोत्र्याच्या नावाने अर्ज करायला मालक तयार नसतो.

तोवर काय? ज्याच्याकडे मोटर आणि पाइप आहे तो पाणी विकतो. या घरी रोज ३५ लिटरचे सहा कॅन लागायचे, कॅनला पाच रुपये. दिवसाचे तीस, महिन्याचे नऊशे. पाणी झालं ६,३०० लिटर. म्हणजे हजार लिटरला १४३ रुपये पडले. झोपडपट्टीच्या अधिकृत जोडणीला पालिकेचा दर हजार लिटरला पाच रुपयांच्या आसपास असतो. पंचवीस-तीस पट महाग पाणी, तेही माणशी ४२ लिटर.

पैशांपेक्षा वेळ जास्त जातो. पाणी कधी पहाटे चारला, कधी सकाळी साडेदहाला. आई तोवर कामावर गेलेली. मग कॅन कोण भरणार? मोठी मुलगी. आमच्या अभ्यासवर्गाच्या हजेरीत एका बाजूच्या गल्लीतल्या मुली मंगळवारी आणि शुक्रवारी हमखास गैरहजर असायच्या. कारण शोधायला आम्हाला दोन महिने लागले. त्या गल्लीचा पाण्याचा वार होता.

संडासचं फार लांबवत नाही. स्वच्छ भारतच्या निकषांप्रमाणे वस्तीच्या सामुदायिक शौचालयात २५ बायकांमागे एक सीट हवी. तिथे सकाळी सात वाजता उभं राहून नुसती रांग मोजली तरी पुरे.

वीस हजार कमावणारा गरीब

उत्पन्नाच्या रकान्यात एकच आकडा लिहायचा असायचा. वडील मार्केटमध्ये हमाली करायचे, दिवसाचे साडेसातशे, महिन्यात सोळा दिवस काम लागलं तर १२,०००. आई चेंबूर स्टेशनजवळच्या सोसायटीत तीन घरची कामं करायची, त्याचे ७,५००. एकूण १९,५००.

देशाच्या हिशेबात ही माणसं गरीब नाहीत. तेंडुलकर समितीच्या पद्धतीने २०११-१२ साठी शहरी दारिद्र्यरेषा काढली होती ती माणशी महिना १,००० रुपये. पाच माणसांचे पाच हजार. भाव तेव्हाचे होते हे धरूनही, या घराचं नुसतं भाडं त्या रेषेच्या वर जातं. राज्यात शहरी केशरी कार्डावर स्वस्त धान्यासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५९,००० आहे, म्हणजे महिना पाच हजारांच्याही आत. मुंबईत पाच हजारांत पाच माणसं कशी राहतील हे मर्यादा ठरवणाऱ्यालाच ठाऊक. त्यामुळे उत्पन्नाचे दाखले त्या त्या योजनेला बसतील असे निघतात, आणि ही लबाडी सगळ्यांना माहीत असते, देणाऱ्यालाही.

तो महिना आईने मला असा सांगितला, मी वहीत मांडत गेले. भाडं ५,५००. लाइट १,१००, कारण मीटर मालकाचा आणि युनिटचा दरही तोच ठरवणार. पाणी ९००. गॅस ९५०. किराणा, भाजी, दूध ६,०००. बायकांच्या गटाच्या कर्जाचा हप्ता २,६००. धाकट्याची व्हॅन आणि मोठीचा क्लास १,२००. बस, रिक्षा, रिचार्ज १,२००. बेरीज १९,४५०. उरले पन्नास रुपये. मी आकडे तिला वाचून दाखवले तेव्हा ती हसली. म्हणाली, "पन्नास कुठे उरतात ताई, तुम्ही चहापावडर धरलीच नाही."

आणि हा चांगला महिना. जुलैत वडिलांना नऊच दिवस काम लागलं. कमाई १४,२५०. पाच हजार कमी पडले. शहरातल्या गरिबीची मेख इथे आहे. शेतकऱ्याला वाईट वर्ष येतं, यांना वाईट आठवडा येतो. सरासरी काढली की सगळं ठीकठाक दिसतं, पण घरमालक आणि किराणावाला सरासरी घेत नाहीत. भाड्याची तारीख पाच म्हणजे पाच.

खड्डा भरतो तो कर्जाने. आधी दुकानातली वही, मग भिशी, मग मंगळसूत्र गहाण, मग बायकांच्या गटाचं कर्ज. ते मिळतं पटकन, कागद कमी लागतात, पण दहा जणींपैकी एकीचा हप्ता चुकला तर बाकीच्या तिच्या दारात जाऊन बसतात. रिझर्व्ह बँकेचा २०२२ पासूनचा नियम सांगतो, की वर्षाला तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घराचे सगळे हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या निम्म्यावर जाऊ नयेत. निम्मं! वरचा हिशेब पुन्हा बघा आणि त्यातून पावणेदहा हजार बाजूला काढून दाखवा. या घराचं कर्ज कशासाठी होतं ते विचारलं, तर उत्तर होतं: अर्धं धाकट्याच्या डेंग्यूसाठी, अर्धं खोलीच्या डिपॉझिटसाठी.

तर, तो टीव्ही

आई सकाळी आठला बाहेर पडते ती दुपारी तीनला येते. धाकटा पाच वर्षांचा, शाळा दुपारची. आठ ते बारा तो कुणाकडे? अंगणवाडी दोन-तीन तासांची, पाळणाघर परवडत नाही, शेजारीण स्वतः कामावर. गल्लीत सोडला तर मागे नाला आहे. म्हणून बाहेरून कडी लावायची आणि आत कार्टून. चेंबूरच्या वहिनींनी भिंतीवरचा नवा मोठा टीव्ही घेतला तेव्हा जुना यांना दिला. केबलचे महिन्याला तीनशे, ते आई स्वतःच्या चहातून काढते म्हणायची. ज्या घराला पाळणाघर मिळत नाही, त्या घराला टीव्ही लागतो. हे वाक्य मी त्या आजोबांना लिहायला हवं होतं.

मोबाइलचं तर विचारूच नका. मुकादमाचा फोन उचलला नाही तर दिवसाचं काम दुसऱ्याला. वहिनी "आज येऊ नकोस" हे व्हॉट्सअ‍ॅपवर सांगतात. पगार जीपेवर. रेशनचा ओटीपी, शाळेचा ग्रुप, २०२० नंतर तर वर्गसुद्धा त्याच पाच इंची पडद्यावर. मोबाइल नसलेला मजूर मुंबईत बेकार असतो.

मुलं मात्र यातलं काही पत्रात लिहीत नसत. पत्रलेखनाच्या दिवशी सगळ्यांचा प्रश्न एकच, "ताई, काय लिहू?" एका स्पॉन्सरबाईंनी विचारलं होतं, की तुमच्या बागेत कोणत्या भाज्या येतात. मुलगी पेन चावत बसली. मग तिने लिहिलं, "आमची तुळस पिंपात आहे. पिंप फुटकं आहे म्हणून पाण्याला चालत नाही." मी ते इंग्रजीत केलं, तुळशीचं 'बेसिल' झालं. पुढच्या पत्रात बाईंनी तुळशीची कृती मागितली होती, पास्त्यासाठी.

मदतीचा उपयोग होतो का?

होतो. उगाच नाक मुरडण्यात अर्थ नाही. अर्थतज्ज्ञ ब्रूस वायडिक, पॉल ग्लेवी आणि लेन रटलेज यांनी २०१३ मध्ये सहा देशांतल्या दहा हजारांवर माणसांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात भारतही होता. कार्यक्रम वस्तीत आला तेव्हा वय जास्त म्हणून ज्यांना प्रवेश मिळाला नाही अशी मोठी भावंडं, आणि ज्यांना मिळाला ती धाकटी, यांची मोठेपणी तुलना केली. स्पॉन्सर झालेली मुलं सरासरी एक ते दीड वर्ष जास्त शिकली होती, माध्यमिक शिक्षण पुरं करण्याचं आणि पगारी नोकरीत जाण्याचं प्रमाणही वाढलं होतं. आठवी-नववीत सुटणाऱ्या मुलीसाठी एक-दीड वर्ष म्हणजे दहावी. आणि दहावी म्हणजे काय, हे आपल्याकडे समजावून सांगावं लागत नाही.

पण हा फायदा मुलाला होतो. घर आहे तिथेच राहतं. कधी तर राहतही नाही, आणि इथेच मला सगळ्यात जास्त हळहळ वाटते.

खोलीचं अ‍ॅग्रीमेंट अकरा महिन्यांचं. संपलं की मालक म्हणतो साडेसहा द्या. हजार रुपये वाढवणं शक्य नसतं. मग मुंब्रा, दिवा, नालासोपारा, वांगणी. सामान टेम्पोत बसतं, एका फेरीत. संस्थेचं काम ठरलेल्या वस्तीपुरतं असतं, त्याला ऑफिसच्या भाषेत प्रकल्पक्षेत्र म्हणतात. कुटुंब क्षेत्राबाहेर गेलं की मूल यादीतून निघतं. वर्षाच्या मधेच शाळा सुटते, दाखला काढायला वडिलांचा एक खाडा पडतो, नव्या ठिकाणी मराठी शाळा जवळ असेलच असं नाही. म्हणजे भाडं वाढल्याने जेव्हा घर सगळ्यात जास्त अडचणीत असतं, नेमकी तेव्हाच मदत थांबते. कुणाचा वाईट हेतू नसतो. नकाशावरची एक रेघ असते, एवढंच.

स्पॉन्सरला जाणाऱ्या पत्राचा मजकूर ठरलेला होता: कुटुंब स्थलांतरित झाल्यामुळे आपलं मूल कार्यक्रमातून बाहेर पडलं आहे, सोबत दुसऱ्या मुलाचा फोटो पाठवत आहोत. मी वर्षाला अशी पंधरा-वीस पत्रं टाइप करायचे. त्यांत दहावीच्या उंबरठ्यावरच्या मुली असायच्या.

कधी रेघ गल्लीची नसून देशाची असते. परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली निर्बंध आल्यावर 'कम्पॅशन'ने मार्च २०१७ मध्ये भारतातलं काम बंद केलं, तेव्हा दीड लाखाच्या जवळपास मुलांची मदत एकदम थांबली. २०२० च्या दुरुस्तीने परदेशी पैशातला कार्यालयीन खर्च ५० वरून २० टक्क्यांवर आणला आणि एका संस्थेने दुसरीला तो पैसा देण्यावर बंदी घातली. मोठ्या संस्थांकडून पैसे घेऊन वस्तीत काम करणाऱ्या लहान संस्थांची त्यात कोंडी झाली.

सरकारची स्वतःची स्पॉन्सरशिप आहे, हे मात्र फार जणांना माहीत नसतं. मिशन वात्सल्यखाली मुलामागे महिना ४,००० रुपये, राज्याच्या बालसंगोपन योजनेत २,२५०. दोन्ही पालक नसलेली, एकल पालकाची, आई-वडील गंभीर आजारी असलेली मुलं यांत प्रामुख्याने येतात, आणि पैसे थेट खात्यात जमा होतात. एकट्या बाईच्या हाती महिना चार हजार पडणं ही मोठी गोष्ट आहे. पण मिशन वात्सल्यला शहरात घरच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला ९६,०००, म्हणजे महिना आठ हजार. हमाल बाप आणि घरकामाला जाणारी आई, दोघं धडधाकट, असं घर तिथेही बसत नाही. त्यांचा गुन्हा एवढाच, की दोघंही कामाला जातात.

त्यामुळे आता कुणी मला विचारलं, की अमुक संस्थेमार्फत एका मुलीचं पालकत्व घेऊ का, तर मी टक्केवारी आणि अहवाल नंतर बघा म्हणते. आधी फोन करून विचारा: या मुलीच्या घरच्यांनी खोली बदलली तर तुम्ही काय करता? काही ठिकाणी लगेच उत्तर येतं. ती संस्था मुलीला नव्या पत्त्यावर दहावीपर्यंत फी पाठवते, फोनवर संपर्क ठेवते. काही ठिकाणी शांतता होते.

त्या आजोबांनी पुढे पैसे बंद केले नाहीत. पुढच्या वर्षी मी पुन्हा फोटो काढायला गेले. भाडं वाढलं होतं, पण आईने चौथं घर धरलं होतं, त्यामुळे खोली तीच होती. मुलगी नवा फ्रॉक घालून तयार. आणि मागे टीव्हीवर पिवळी ओढणी टाकलेली, चारी कोपरे नीट खोचून, वर गणपतीचा फोटो ठेवून. ईमेलबद्दल मी घरी काहीच बोलले नव्हते. कुणी सांगितलं असं विचारलं, तर आई म्हणाली, "तुमच्या सरांचा फोन आला होता." मग तिने मोबाइल उचलला, पदराआड धरला आणि म्हणाली, "घ्या, काढा आता."